आठ आणि अकरा नोव्हेंबर : कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी

ऑक्टोबर संपत आला की कॅनडातल्या ग्रोसरीच्या दुकानांच्या दाराशी एक छोटं टेबल लागतं. त्यावर लाल फुलांचा ट्रे, शेजारी पैशांचा डबा आणि मागच्या खुर्चीत छातीवर पदकं लावलेले एखादे आजोबा, नाहीतर गणवेशातली शाळकरी कॅडेट. भारतातून नुकतंच आलेलं कुटुंब बहुतेक वेळा हसून पुढे जातं. फूल घ्यायचं का, किती पैसे द्यायचे, ते लावायचं कुठे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. मग ११ नोव्हेंबरला अकराच्या ठोक्याला सगळं ऑफिस एकदम उभं राहतं आणि आपण कॉफीचा कप हातात धरून इकडेतिकडे बघत राहतो.

हा लेख त्या दोन आठवड्यांसाठी आहे. त्यात दोन तारखा येतात. ११ नोव्हेंबर, म्हणजे रिमेंबरन्स डे, सगळ्यांच्या कानावर असतो. ८ नोव्हेंबर, म्हणजे इंडिजिनस व्हेटरन्स डे, मूलनिवासी माजी सैनिकांचा दिवस, इथे तीस वर्षं राहिलेल्या कित्येकांना माहीत नसतो. जमलं तर दोन्ही दिवस पाळा. एकच जमणार असेल तर पहिल्या वर्षी ८ तारखेला जा.

आधी थोडा इतिहास

११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता पहिलं महायुद्ध थांबलं, आणि पुढच्याच वर्षी कॅनडात हा दिवस पाळायला सुरुवात झाली. १९२१ ते १९३० या काळात तो थँक्सगिव्हिंगला जोडून सोमवारी धरला जाई. माजी सैनिकांना ते रुचलं नाही. १९३१ मध्ये कायद्यात बदल होऊन ११ ही तारीख पक्की झाली आणि रिमेंबरन्स डे हे नाव मिळालं. दोन्ही महायुद्धं, कोरिया, शांतिसेना आणि अफगाणिस्तान धरून १,१८,००० हून अधिक कॅनेडियन कामी आले आहेत.

८ नोव्हेंबर कुठून आला ते जरा सविस्तर सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात ४,००० हून अधिक आणि दुसऱ्यात ३,००० हून अधिक मूलनिवासी सैन्यात गेले. हे आकडेही कमीच धरायचे, कारण मेटिस आणि इनुइट हे मूलनिवासी समाज आणि सरकारी यादीत नाव नसलेले कित्येक जण वेगळे मोजलेच गेले नाहीत. खंदकात ते बाकीच्यांच्या बरोबरीने लढले. घरी परतल्यावर मात्र हिशेब वेगळा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकाला जमिनीसाठी ६,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळे आणि त्यातले २,३२० डॉलर माफ होत. रिझर्व्हवर, म्हणजे मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहणाऱ्या फर्स्ट नेशन्स या मूलनिवासी समाजातल्या सैनिकाच्या वाट्याला फक्त ते २,३२० डॉलर आले, आणि तेही इंडियन एजंटच्या, म्हणजे मूलनिवासींवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, हातून. संघराज्याच्या निवडणुकीत मूलनिवासी म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा न सोडता मत देण्याचा हक्क त्यांना १९६० मध्ये मिळाला. मेटिस सैनिकांची सरकारने माफी मागितली ती सप्टेंबर २०१९ मध्ये. तोवर दुसऱ्या महायुद्धात लढलेले बहुतेक जण गेले होते.

स्मरणाच्या कार्यक्रमातही त्यांना जागा नव्हती. ओटावाच्या राष्ट्रीय युद्धस्मारकापाशी मूलनिवासी सैनिकांच्या नावाने पुष्पचक्र वाहायला १९९५ उजाडावं लागलं. त्याच्या एक वर्ष आधी, १९९४ मध्ये, विनिपेगमध्ये ८ नोव्हेंबर हा वेगळा दिवस पाळायला सुरुवात झाली होती. ११ तारखेच्या गर्दीत ही नावं विरून जातात, म्हणून हा दिवस आहे.

मराठी माणसाला हे चटकन कळावं. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होतं, त्यात मराठा पलटणी होत्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये कुतला ते शरण गेलं. बसराच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली. भारतीयांमध्ये नाव आलं ते अधिकाऱ्यांचं. साध्या शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा.

पॉपी : घेणं, लावणं, सांभाळणं

पॉपी म्हणजे दुकानाच्या दाराशी ट्रेमध्ये दिसणारं तेच लाल फूल. पॉपीची मोहीम ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी सुरू होते आणि ११ नोव्हेंबरला संपते. ती रॉयल कॅनेडियन लीजन ही माजी सैनिकांची संस्था चालवते. कॅनडात हे फूल १९२१ पासून लावतात.

फुलाला किंमत नाही. "किती झाले?" असं विचारलं की टेबलामागचा माणूस अवघडतो. डब्यात जमेल तेवढं टाका. दोन डॉलरचं नाणं चालतं, पाच-दहाची नोटही चालते, आणि खिशात काहीच नसेल तरी फूल घ्यायला मनाई नाही. काही ठिकाणी कार्ड टेकवायचा डबा असतो. पैसे लीजनच्या पॉपी ट्रस्ट फंडात जातात आणि माजी सैनिक व त्यांच्या घरच्यांच्या मदतीसाठी वापरले जातात. गेल्या वर्षीचं फूल कपाटात सापडलं तर ते लावायला हरकत नाही, पण डब्यात काहीतरी टाकाच.

फूल डाव्या बाजूला, हृदयाच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर लावायचं. स्वेटरवर लावून वर जॅकेट चढवलं की ते कुणाला दिसत नाही. पंजाबी ड्रेसवर किंवा साडीवर लावायचं तर ओढणी-पदर त्यावर येणार नाही असं बघा.

टाचणीचा त्रास सगळ्यांना होतो. फूल हलकं, टाचणी सरळ आणि गुळगुळीत, त्यामुळे गाडीचा पट्टा लावताना किंवा दप्तर खांद्यावर अडकवताना ते पडतं. रस्त्यावर चिखलात पडलेल्या पॉपी या दिवसांत जागोजागी दिसतात. उपाय सोपा आहे. टाचणी कापडातून एकदाच न घालता खाली-वर अशी दोनदा ओवा. मग पेन्सिलीच्या टोकाच्या खोडरबराचा ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा तुकडा कापून कपड्याच्या आतल्या बाजूने टोकावर बसवा. टोक टोचत नाही आणि फूल सुटत नाही. लहान मुलांच्या जॅकेटला तर हे कराच. फुलाच्या मधोमध झेंड्याची किंवा दुसरी कसली पिन मात्र खोचू नका. फूल झाकेल अशी पिन लावू नये असं लीजनचं सांगणं आहे, आणि लोक ते मनावर घेतात.

मण्यांनी विणलेली पॉपीही दिसेल. मूलनिवासी कारागीर ती बनवतात आणि ८ तारखेला अनेकांच्या छातीवर ती असते. घ्यायची तर ती कुणी बनवली ते विचारून, शक्यतो कारागिराकडूनच घ्या. ती घेतली तरी लीजनच्या डब्यात पैसे टाका.

मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट. कॅनडात पॉपीच्या चित्राचा ट्रेडमार्क लीजनकडे आहे. "मराठी मंडळातर्फे अभिवादन" असं पोस्टर करून वर पॉपी चिकटवणं, ती असलेले टी-शर्ट किंवा कॉफीचे मग विकणं, हे परवानगीशिवाय करता येत नाही. पोस्टरवर नुसती अक्षरं घाला, किंवा जवळच्या लीजन शाखेला आधी विचारा.

शब्द जपून

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी हमखास "हॅपी रिमेंबरन्स डे" टाकतं. हा सण नाही. मराठीत लिहायचं तर शुभेच्छा देऊ नका; "विनम्र अभिवादन" किंवा "आदरांजली" लिहा. इंग्रजीत "लेस्ट वुई फर्गेट" एवढंच पुरे. हयात माजी सैनिकाला भेटून "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" म्हटलेलं चालतं. त्यापुढे ते बोलले तर ऐका. "युद्धात किती जणांना मारलंत?" असं मुलं विचारतात, त्यांना घरीच समजावून न्या.

माजी सैनिक म्हणजे म्हातारा माणूस, ही समजूतही सोडायला हवी. प्राथमिक प्रशिक्षण पुरं करून सन्मानाने सेवेतून मोकळा झालेला कुणीही इथे व्हेटरन असतो. पस्तिशीतली, पाळणाघरात तुमच्या शेजारी मूल घ्यायला उभी असलेली बाईही असू शकते.

मूलनिवासींबद्दल बोलताना आपली जीभ सगळ्यात जास्त इथे घसरते. "रेड इंडियन" हा शब्द शाळेच्या पुस्तकांतून आपल्या तोंडात बसला आहे. तो इथे अपमान आहे. नुसतं "इंडियन" म्हणालात तर दुहेरी घोटाळा होतो. फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटिस हे तीन वेगळे समाज आहेत. माहीत असेल तर नेमकं नाव घ्या, क्री, ओजिब्वे, मोहॉक वगैरे. तिघांना मिळून "इंडिजिनस" म्हणा. घरात मराठीत बोलताना मूलनिवासी म्हणा किंवा आदिवासी, पण शेजारी कुणी उभं असताना "हे लोक" असं हात दाखवून मराठीत बोलू नका. हातवारे सगळ्यांना समजतात.

८ नोव्हेंबरला कुठे जायचं, कसं उभं राहायचं

मोठा कार्यक्रम ओटावाला, कॉन्फेडरेशन पार्कमधल्या मूलनिवासी सैनिकांच्या स्मारकापाशी होतो. व्हँकुव्हरला व्हिक्टरी स्क्वेअरच्या स्मारकापाशी लोक जमतात. विनिपेगला तर ही प्रथाच सुरू झाली. इतर गावांत तपास करायचा तर आधी फ्रेंडशिप सेंटरला फोन करा. शहरातल्या मूलनिवासींसाठी चालणारी ही केंद्रं बहुतेक मोठ्या गावांत असतात. नंतर नगरपालिकेचं संकेतस्थळ, कॉलेजचं इंडिजिनस केंद्र आणि लीजनची शाखा. हे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात करा. वेळा ठरायला उशीर होतो आणि जाहिरात कमी असते, त्यामुळे ७ तारखेच्या रात्री शोधायला बसलात तर हाती काही लागत नाही.

ओटावाला गेलात तर कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचून स्मारक सावकाश बघा. पीपीकिसिस फर्स्ट नेशनच्या लॉइड पिने यांनी ते घडवलं आणि २१ जून २००१ ला त्याचं अनावरण झालं. वर पंख पसरलेला गरुड. त्याखाली दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, चार दिशांना तोंड करून. त्यांच्याजवळ लांडगा, अस्वल, गवा आणि कॅरिबू, म्हणजे वाट दाखवणारे प्राणी. हातांकडे लक्ष द्या. काही हातांत शस्त्र आहे आणि काही हातांत पूजेची वस्तू. फेरी पूर्ण मारल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत. लोक समोरून एक फोटो काढतात आणि निघून जातात, त्यांचं निम्मं स्मारक राहून जातं.

कार्यक्रमाचा क्रम समाजागणिक बदलतो. साधारण हे दिसेल.

सुरुवातीला सेज, सीडर किंवा स्वीटग्रास जाळून धूर केला जातो. याला स्मजिंग म्हणतात. शंखात किंवा वाडग्यात निखारा फुलवून कुणीतरी ओळीने फिरतं. ज्यांना घ्यायचा ते दोन्ही हातांनी धूर डोक्याकडे, डोळ्यांकडे, छातीकडे ओढतात. आपण आरती घेतो ती हालचाल आठवेल, पण "अगदी आमच्या आरतीसारखं" असं तिथे मोठ्याने म्हणू नका. त्या धुराचा अर्थ त्यांचा आहे. घेतलाच पाहिजे असं नाही. दमा असेल तर हात किंचित पुढे करून मान हलवा, ते पुढच्या माणसाकडे जातात. धूर चालू असताना, प्रार्थनेच्या वेळी आणि पवित्र वस्तूंचा फोटो काढायचा नाही. इतर वेळीही आधी विचारायचं.

ईगल स्टाफ, म्हणजे गरुडाची पिसं लावलेली काठी, आत येते तेव्हा उभं राहायचं. तिचा मान झेंड्याचा आहे. ऑनर साँग सुरू झालं की टोपी काढून उभं राहायचं आणि ते संपेपर्यंत बोलायचं नाही. इनुइटांचा सहभाग असेल तर कुल्लिक नावाचा दगडी दिवा लावलेला दिसेल. मेटिस लोक कमरेला किंवा खांद्यावरून विणलेला रंगीत पट्टा बांधतात. पिसं, मणी, कातडं यांचा जो पोशाख असतो त्याला रीगेलिया म्हणतात. "कॉस्च्युम" म्हणू नका आणि पिसाला हात लावू नका. पीस खाली पडलेलं दिसलं तरी उचलायला धावू नका. ते कुणी आणि कसं उचलायचं याची रीत असते.

एखाद्या ज्येष्ठाला मंडळात बोलायला बोलवायचं असेल तर अनेक फर्स्ट नेशन्समध्ये विनंती करताना तंबाखू देण्याची पद्धत आहे. चिमूटभर सुटी तंबाखू छोट्या सुती कापडात बांधून डाव्या हाताने पुढे करतात. स्वीकारली म्हणजे विनंती मान्य. सगळीकडे ही रीत नाही, इनुइटांत तर नाहीच. म्हणून आधी केंद्रात विचारा. तंबाखू दिली म्हणून मानधन आणि गाडीचा खर्च सुटत नाही, तो वेगळा द्यायचा.

मुलांना घेऊन जाणार असाल तर जाण्यापूर्वी दोन माणसं सांगा. फ्रान्सिस पेगामागाबो हे ऑन्टारियोतल्या वॉसॉक्सिंगचे ओजिब्वे. पहिल्या महायुद्धात त्यांना मिलिटरी मेडल तीनदा मिळालं, पहिल्या पदकावर दोन पट्ट्या. पॅरी साउंडमध्ये २०१६ पासून त्यांचा पुतळा आहे. दुसरे मॅनिटोबातल्या ब्रोकनहेडचे टॉमी प्रिन्स. फेब्रुवारी १९४४, इटलीतलं अँझिओ. ते शत्रूच्या अगदी पुढ्यात एका रिकाम्या शेतघरात दडून टेलिफोनवरून तोफखान्याला खबर देत होते. तोफगोळ्याने तार तुटली. त्यांनी घरात सापडलेले शेतकऱ्याचे कपडे चढवले, कुदळ घेतली आणि भर दिवसा जर्मनांच्या डोळ्यांदेखत शेत खणत खणत तुटलेल्या जागेपर्यंत गेले. तिथे बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं आणि तारेची दोन टोकं जोडली. पुढे ते कोरियातही लढले आणि १९७७ मध्ये विनिपेगला हलाखीत वारले. हा शेवटही मुलांना सांगा.

११ नोव्हेंबर, घड्याळ लावून

आपल्या कार्यक्रमांत अकरा म्हणजे साडेअकरा चालतं, इथे सगळं काही अकराच्या ठोक्याभोवतीच बांधलेलं असतं. १०:५८ ला पोहोचलात तर बिगूल चालू असताना गर्दीतून ढकलत जावं लागेल. गावच्या स्मारकापाशी सव्वादहापर्यंत, ओटावाच्या राष्ट्रीय स्मारकापाशी साडेनऊपर्यंत पोहोचा. रस्ते बंद असतात, गाडी लांब लावावी लागते.

कपडे गडद आणि साधे. थंडीचा अंदाज सगळ्यांचा चुकतो, कारण चालताना लागत नाही तेवढी थंडी सव्वा तास एका जागी उभं राहून लागते, आणि ती पायातून चढते. दोन पायमोजे घाला. पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन त्यावर उभे राहा. काँक्रीटवर याने फार फरक पडतो. घरच्या वयस्कर मंडळींसाठी घडीची खुर्ची घ्या. फोन बंद करा, नुसता सायलेंट नको, कारण त्या शांततेत खिशातली घरघरही ऐकू जाते.

साधारण क्रम असा. माजी सैनिक आणि तुकड्या संचलन करत येतात. राष्ट्रगीत होतं. अकराला मिनिट-दोन मिनिटं असताना बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते. त्या वेळी पुरुष टोप्या काढतात, कानटोपीसुद्धा. पगडी किंवा धर्मामुळे डोक्यावर असलेलं काहीही काढायचं नाही. मग दोन मिनिटं मौन. काही गावांत मौनाच्या सुरुवातीला तोफ उडते, ओटावात तर २१ तोफांची सलामी असते. तान्हं मूल दचकून रडतं, तेव्हा कडेला उभे राहा आणि रडलंच तर शांतपणे बाजूला घ्या, कुणी रागावत नाही. मौनानंतर बॅगपाइपवर शोकधून, मग बिगुलावर जागवणारी धून. त्यानंतर स्मरणाच्या चार ओळी म्हटल्या जातात आणि शेवटी जमावाने एका सुरात "वुई विल रिमेंबर देम" म्हणायचं असतं. ओटावात त्या ओळी इंग्रजी-फ्रेंचबरोबर एका मूलनिवासी भाषेतही होतात. मग पुष्पचक्रं. ओटावात सिल्व्हर क्रॉस मदर सगळ्या आयांच्या वतीने पुष्पचक्र वाहतात. त्या स्वतः सैन्यातलं आपलं मूल गमावलेली आई असतात.

सॅल्यूट आपण ठोकायचा नाही. तो गणवेशातल्यांचा. साध्या नागरिकाने सरळ उभं राहून मान खाली घालायची, एवढंच. टाळ्याही मधे वाजवायच्या नाहीत. शेवटी माजी सैनिक संचलन करत परत निघतात तेव्हा मात्र लोक मनापासून टाळ्या वाजवतात, तेव्हा वाजवा.

सगळं उरकल्यावर लगेच निघू नका. ओटावात स्मारकाच्या पायथ्याशी अनाम सैनिकाची समाधी आहे. फ्रान्समधल्या विमी रिज या रणभूमीजवळच्या दफनभूमीतून आणलेले अवशेष २८ मे २००० ला तिथे ठेवले गेले. गर्दी पांगू लागली की लोक छातीवरची पॉपी काढून त्या दगडावर ठेवतात. तासाभरात दगड दिसेनासा होतो. गावागावांत पुष्पचक्रांवर किंवा स्मारकाच्या पायरीवर तसंच करतात. तुमचं फूल तिथे ठेवा. टाचणी वर येणार नाही असं, कारण मागून मुलं येतात.

कॅल्गरीत असाल तर १ ते ११ नोव्हेंबर मेमोरियल ड्राइव्हवरचं फील्ड ऑफ क्रॉसेस बघा. ३,४०० हून अधिक पांढरे क्रूस, प्रत्येकावर नाव, वय, हुद्दा, पलटण. वयं वाचत चाला.

सुट्टी नसेल तर

ऑन्टारियो आणि क्युबेकमध्ये ११ नोव्हेंबरला सगळ्यांना सुट्टी नसते. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचेवान अशा अनेक प्रांतांत असते, आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना देशभर असते. सुट्टी नसेल तर कॅलेंडरमध्ये १०:५५ ते ११:०५ राखून ठेवा. मीटिंग चालू असेल तर दोन मिनिटं आधी सांगा, म्हणजे कुणी वाक्याच्या मध्यात अडकत नाही. टोरंटोत बसगाड्या आणि भुयारी रेल्वेसुद्धा दोन मिनिटं थांबतात. बिघाड समजून उठू नका.

दिवाळी याच सुमारास येते. २०२३ मध्ये ती १२ नोव्हेंबरला होती आणि २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं ८ नोव्हेंबरला आहे. त्या वर्षी सकाळी कार्यक्रमाला जा, दिवे संध्याकाळी लावा. फटाके मात्र विचार करून. युद्धातून आलेल्या माणसाला अवचित झालेला आवाज नुसता त्रासदायक नसतो, तो त्याला पुन्हा तिथे नेऊन उभा करतो. शेजारी माजी सैनिक असतील तर वेळ आधी सांगून या.

मंडळातर्फे पुष्पचक्र

लीजनच्या स्थानिक शाखेला सप्टेंबरमध्येच कळवा. पुष्पचक्र त्यांच्याकडूनच मागवता येतं आणि वाहणाऱ्यांच्या यादीत नाव घालावं लागतं. ऑक्टोबरच्या शेवटी यादी बंद झालेली असते. शाखेच्या हॉलमध्ये शिरताना टोपी काढायची, ही त्यांची जुनी रीत आहे.

पुष्पचक्र न्यायला दोनच माणसं पाठवा, अख्खी कार्यकारिणी नको. नाव पुकारलं की सावकाश चालत जा, एकाने ते टेकवायचं, दोघांनी एक पाऊल मागे यायचं, क्षणभर मान झुकवायची आणि वळून परतायचं. फोटोसाठी थांबायचं नाही. फोटो काढणाऱ्याने गर्दीतूनच काढावा.

आजोबांची पदकं आणि आपल्या गावची नावं

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत मराठा पलटणीतल्या पणजोबांची पदकं असतात. ती ११ तारखेला लावून जायचा मोह होतो. ब्रिटनमध्ये वारस ती उजव्या बाजूला लावतात. कॅनडात तसं चालत नाही. ज्याचं पदक त्यानेच लावायचं, आणि आपल्या हक्काचं नसलेलं पदक लावणं क्रिमिनल कोडच्या कलम ४१९ खाली गुन्हा आहे. पदकं खिशात ठेवा, किंवा फोटोसोबत चौकटीत घालून हातात धरा. कुणी विचारलं तर सांगा, कारण सांगण्यासारखं पुष्कळ आहे. डिसेंबर १९४३ मध्ये कॅनेडियन सैनिक इटलीत ओर्तोनासाठी लढत होते तेव्हा त्यांच्या डाव्या बगलेला आठवं इंडियन डिव्हिजन होतं, आणि त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. याच पलटणीच्या नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीकाठच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिसऱ्या पलटणीच्या यशवंत घाडगे यांना तो जुलै १९४४ मधल्या पराक्रमासाठी मरणोत्तर मिळाला. त्यांचा पुतळा माणगावला आहे.

घरातल्या किंवा गावातल्या सैनिकाचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट घेता येतो. सरळ आडनाव टाकून बहुधा काही मिळत नाही. कारण कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, आणि पुष्कळदा आडनावाच्या जागी पहिलंच नाव गेलं. म्हणून रेजिमेंटच्या खान्यात जुन्या स्पेलिंगने "महरट्टा" (Mahratta) टाका, सैन्य भारतीय निवडा, युद्ध निवडा, आणि मग पहिल्या नावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. नोंदीच्या शेवटी बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. ओळख पटते ती तिथे. स्मारकावर नुसता आकडा असलेल्यांची नावंही इथे सापडू शकतात. कॅनेडियन सैनिकांसाठी कॅनेडियन व्हर्च्युअल वॉर मेमोरियल आहे. त्यावर फोटो, पत्रं, कात्रणं चढवता येतात.

१२ तारखेनंतर

फूल स्मारकावर ठेवायचं राहून गेलं असेल तर जवळच्या दफनभूमीत कुठल्याही सैनिकाच्या थडग्यावर ठेवून या. शाळकरी मुलांना हे काम फार आवडतं. आधी दगडावरचं नाव वाचायचं, मोठ्याने, आणि मग फूल ठेवायचं.

मूलनिवासी सैनिकांच्या कित्येक थडग्यांवर दगडच नाही. लास्ट पोस्ट फंड ही संस्था २०१९ पासून अशी थडगी शोधून त्यांवर दगड बसवते, आणि आधीच दगड असेल तर त्यावर सैनिकाचं स्वतःच्या भाषेतलं नावही घालते. तुम्ही रिझर्व्हजवळच्या गावात शिकवत असाल, दवाखान्यात काम करत असाल, आणि कुणी म्हणालं की आमचे आजोबा युद्धात होते पण त्यांच्या थडग्यावर काही नाही, तर हे नाव त्यांना लिहून द्या. अर्जाला सैनिकाचं नाव, सेवेचा पुरावा किंवा क्रमांक आणि थडग्याची जागा लागते. क्रमांक माहीत नसेल तर अर्ज अडवून धरू नका. आहे तेवढी माहिती लिहून पाठवायला सांगा, बाकीचं त्यांच्याकडचे लोक शोधतात.